बोथ्याच्या घाटातली लाल नळी

शेखरचं पत्र आलं तेव्हा तुम्हाला जाऊन आठवडाही झाला नव्हता. इथून गेलेली तार आणि तिकडून निघालेलं पत्र कुठेतरी समुद्रावर एकमेकांना ओलांडून गेली असणार. पाकिटावर तुमचं नाव होतं, त्याच्या मोठ्या गोल अक्षरात. मीच ते उघडलं. नातवंडांची तुमच्या नावची पत्रं नेहमी मीच उघडायची आणि तुम्ही जेवताना मी मोठ्याने वाचायची. आत बर्फाबद्दल आणि शाळेतल्या फुटबॉलबद्दल बरंच होतं आणि शेवटी एक ओळ होती: 'आजोबा, गाडी घाट चढली का?'

त्याला उत्तर द्यायला हवं. सुधाने कळवलं आहे, 'आई, जे झालं ते तूच नीट लिहून पाठव. मी मुलांना वाचून दाखवीन. आपल्या शब्दांत सांगायला मला जमत नाही.' आपली मुलगी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसले. पण तुमच्याविषयी 'ते गेले', 'ते म्हणाले' असं लिहायला लागले की हात अडतो. इतकी वर्षं मी तुमच्याशी बोलले, तुमच्याविषयी कुणाशी फारशी बोलले नाही. तेव्हा शेखर आणि नीला, तुम्ही ऐका. मी तुमच्या आजोबांशी बोलते आहे.

गाडी आपण घेतली तेव्हाच म्हातारी होती. खामगावच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांनी नवी घेतली आणि जुनी तुमच्या गळ्यात मारली, असं मी म्हणायची. 'गळ्यात मारली नाही, मी मागून घेतली,' असं तुम्ही म्हणायचा. मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं, ते वर्ष. बुलढाण्यात तेव्हा खाजगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. आपली काळी, उंच, दाराखाली लांब फूटबोर्ड असलेली. देऊळघाटच्या आठवडी बाजारात ती उभी राहिली की पोरं तिच्या चाकांना हात लावून बघायची.

त्या गाडीत पेट्रोलचा पंप नव्हता. मोठी टाकी मागे, इंजिन पुढे. मधे बॉनेटखाली एक छोटी, डब्यासारखी टाकी. इंजिन चालताना हवा आत ओढतं, त्या ओढीवर एका नळीतून ही छोटी टाकी मागचं पेट्रोल खेचून घ्यायची आणि तिथून ते आपोआप इंजिनात उतरायचं. पहिल्याच आठवड्यात तुम्ही प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर हे मला काढून दाखवलंत. मी विचारलं, 'आणि ओढच कमी पडली तर?' तुम्ही म्हणालात, 'बरोबर विचारलंस. घाटात तीच गंमत आहे.'

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की ही ओढ कमी होते. छोटी टाकी रिकामी होत जाते आणि भरत नाही. म्हणून घाट चढताना अधूनमधून पाय क्षणभर उचलायचा. पाय उचलला की ओढ एकदम वाढते, टाकी गुडगुड करत भरते, मग पुन्हा दाबायचं. तुम्ही याला 'दम देणं' म्हणायचा. मुलं मागच्या खेपेला आली तेव्हा शेगावच्या स्टेशनवरून आपण त्यांना याच गाडीतून आणलं. बोथ्याच्या घाटात नीला मागून ओरडायची, 'आजोबा, दम!' आणि गरज असो नसो, तुम्ही पाय उचलायचा. परत जाताना तुम्ही त्यांना कबूल केलंत, 'पुढच्या वेळीही याच गाडीतून घाट चढायचा.'

मुलं गेली आणि त्याच पावसाळ्यात ती ओढीची तांब्याची नळी चिरली. तशी नळी बुलढाण्यात मिळेना, चिखलीत मिळेना. तुम्हाला वाट बघणं माहीत नव्हतं. दवाखान्यातल्या एनिम्याच्या डब्याची लाल रबरी नळी कापलीत, दोन टोकांना तारेने आवळलीत आणि गाडी सुरू केलीत. अगदी ठणठणीत चालली. मी म्हटलं, 'अहो, ही नळी कशासाठी असते आणि तुम्ही कुठे लावलीत.' तुम्ही म्हणालात, 'गाडीला कुठे ठाऊक आहे?'

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. ती पसरवली अर्थात आपल्या नामदेवने. मुलांनो, नामदेव म्हणजे आजोबांचे कंपाउंडर, ज्यांनी तुम्हाला गोड औषधाच्या गोळ्या चोरून दिल्या होत्या.

पण नळी बदलली तेव्हापासून गाडी घाट चढेना. सपाटीवर उत्तम चालायची. घाटात चौथ्या-पाचव्या वळणाशी आचके द्यायची आणि बंद पडायची. बॉनेट उघडून बघावं तर सगळं जागच्या जागी. अर्धा तास सावलीत उभी केली की पहिल्या हॅन्डलला सुरू. 'म्हातारी थकते,' असं तुम्ही म्हणायला लागलात आणि गावानेही ते मान्य केलं. सुभान मेस्त्रींनी मात्र मान्य केलं नाही. आपल्या अंगणात बॉनेटमध्ये डोकं घालून त्यांनी निदान सांगितलं.

'डॉक्टरसाहेब, कार्बोरेटरात कचरा हाय.'

'मागच्या खेपेलाही कचराच होता, मेस्त्री.'

'मंग पुन्हा आला. पेट्रोलच तसं येऊन राह्यलं.'

नामदेव पायरीवर बसून होता. म्हणाला, 'मेस्त्री, गाडीले एनिमा लावला, तरी पोट साफ नाई झालं काऊन?'

'तू गोळ्या मोज बे,' असं सुभान आतूनच म्हणाले. तुम्ही किती हसलात तेव्हा. हसता हसता पायरीवर टेकलात आणि दम घेत राहिलात. मी आतून बघत होते.

गाडीची माहिती शोधायचं काम मी माझ्याकडे घेतलं. तुमचं इंग्रजी आजारांपुरतं, माझं सगळ्यापुरतं, असं तुम्हीच म्हणायचा. नागपूरच्या कॉलेजात शिकलेलं इंग्रजी शेवटी पेट्रोलच्या नळीसाठी कामी आलं. मुंबईच्या एजंटांना लिहिलं. त्यांनी कळवलं की हे मॉडेल बंद होऊन फार वर्षं झाली, पुस्तक नाही. विलायतेतल्या कारखान्याला लिहिलं, तिकडून उत्तरच आलं नाही. सुधाला लिहिलं, तिने तिकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत विचारलं, तिला दुसऱ्याच गाडीचं पुस्तक मिळालं. तुम्ही रोज संध्याकाळी विचारायचा, 'काय बाईसाहेब, आज कुणाला जाब विचारला?' मी म्हणायची, 'ज्याला विचारायचा तो समोर बसला आहे.'

कारण तेव्हाच आपलं दुसरं भांडणही चालू होतं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं.

तुमची एक पद्धत होती. कुणी धाप लागते म्हणून आला की तुम्ही लगेच त्याची छाती ऐकायचा नाहीत. त्याला दवाखान्याच्या बाहेरच्या दगडी पायऱ्या उतरून पुन्हा चढायला लावायचा. 'चढून ये, मंग ऐकतो. बसल्या माणसाची छाती खोटं बोलते.' म्हातारे कुरकुरत चढायचे. वर पोचले की तुम्ही त्यांना बसूही न देता स्टेथोस्कोप लावायचा. या पायऱ्यांची एवढी ख्याती झाली की काही लोक घरूनच धावत यायचे.

आणि तुम्ही स्वतः? दिवाळीनंतर तुम्हाला गच्चीवर जाताना मधे थांबावं लागायचं. कठड्याला हात लावून तुम्ही आवळ्याच्या झाडाकडे बघत असल्यासारखं करायचा. मी फार मागे लागले तेव्हा अकोल्याला जाऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवून आलात. आल्यावर पिशवी ठेवता ठेवता म्हणालात, 'सगळं ठीक आहे. हृदयाचा आलेखही काढला त्यांनी. सरळ आहे.'

'तुम्ही त्यांच्यासमोर जिना चढलात का?'

'त्यांच्याकडे जिना नाही. तळमजला आहे.'

'मग तपासलं काय त्यांनी?'

तुम्ही टोपी खुंटीला लावलीत आणि आत गेलात. 

शेवटी नागपूरहून माहिती आली. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे मोठे दीर रेल्वेतून निवृत्त झाले होते. त्यांनी एके काळी हीच गाडी वापरली होती आणि गाडी विकली तरी तिचं पुस्तक ठेवलं होतं. त्या गृहस्थांनी ओढीच्या नळीचं अख्खं प्रकरण टंकून पाठवलं. आपण व्हरांड्यात बसलो होतो. तुम्ही तुरीच्या शेंगा सोलत होता आणि मी वाचून अर्थ सांगत होते. मऊ रबराची नळी कधीही वापरू नये. ती तापली की नरम होते आणि आतल्या ओढीने तिच्या भिंती एकमेकींना चिकटतात. पाय उचलल्यावर ओढ सगळ्यात जास्त असते, म्हणून ती नेमकी तेव्हाच मिटते. इंजिन थांबलं की पुन्हा गोल होते, त्यामुळे बंद गाडीत दोष दिसत नाही. नळी तपासायची ती इंजिन तापलेलं आणि चालू असताना.

तुमचा हात शेंगांत थांबला. 'म्हणजे मी घाटात तिला दम द्यायला पाय उचलायचो...'

'त्याच वेळी तिचा गळा मिटायचा.'

'आणि आपण बघायचो बंद झाल्यावर.' मग तुम्ही हसलात. 'हे तर माझंच वाक्य आहे. चढून ये, मंग ऐकतो.'

'तुमचंच आहे,' मी म्हटलं. 'म्हणून म्हणते. पुन्हा अकोल्याला चला. या वेळी मी बरोबर येते. त्यांच्यासमोर रस्त्यावरून दोन फेऱ्या मारायला लावीन तुम्हाला.'

तुम्ही आणखी एक शेंग सोललीत. मग म्हणालात, 'आधी जाड नळी मागवू. एस.टी.ने येईल. गाडी नीट झाली की तिच्यातूनच अकोल्याला जाऊ. दोन्ही कामं एकदम.' मी म्हटलं, 'माणूस आधी की गाडी?' तुम्ही म्हणालात, 'तू वकील व्हायला हवं होतंस.'

आपला वाद इथे थांबला. अकोल्याच्या दुकानात नळीसाठी कळवून ठेवलं होतं. ती यायची होती.

ती येण्याआधी घाटाखालच्या वस्तीवरून बोलावणं आलं. बाई अडली होती. तुम्ही नामदेवला घेऊन दुपारी गेलात. खाली उतरताना गाडीला काही त्रास नाही. तिथे बघितल्यावर तुमच्या लक्षात आलं की वस्तीवर काही होणार नाही, तिला बुलढाण्याला सरकारी दवाखान्यातच न्यायला हवं. तिला मागच्या सीटवर निजवलंत, तिची सासू शेजारी बसली आणि तुम्ही घाट चढायला लागलात.

पुढचं मला दोघांकडून कळलं. निम्मं नामदेवने सांगितलं. निम्मं त्या सासूने. ती तुमच्या सुतकाच्या दिवसांत भेटायला आली, मुद्दाम, घाट चढून. पदराशी चाळा करत दारातच बसली, आत येईना.

नेहमीच्या वळणाशी गाडीने आचके दिले. तुम्ही इंजिन बंद पडायच्या आत खाली उतरलात, नामदेवला तुमच्या जागी बसवलंत आणि बॉनेट उघडलंत. या वेळी इंजिन चालू असताना बघितलंत. सासू म्हणाली, 'साहेब झाकण उघडून वाकले अन् हासले. म्या म्हटलं, आमची बाई मरून राह्यली अन् हे हासून काऊन राह्यले? तं मले म्हणते, माय, आज घरी माझी बायको जिंकली.'

मी तिला विचारलं, 'असंच म्हणाले?'

'हाव, बाई. असंच.'

इतक्या वर्षांत तुम्ही मला हे वाक्य कधी तोंडावर म्हणाला नाहीत. म्हणालात ते एका परक्या बाईला, रस्त्यावर.

गाडी बंद पडली. तुम्हाला आता दोष ठाऊक होता आणि उपायही. नळी गार व्हायला हवी होती. पण अर्धा तास थांबायला मागची बाई तयार नव्हती. तुम्ही सुरईतलं पाणी फडक्यावर घेऊन नळीवर ठेवलंत आणि हॅन्डल मारायला लागलात. नामदेव म्हणाला, 'मले द्या साहेब.' तुम्ही म्हणालात, 'तू पाणी टाकत राहा, नळीले हात नको लावू.' तीन-चारदा मारलं असेल. मग हॅन्डल सोडलंत आणि मडगार्डला धरून उभे राहिलात. चेहरा घामाने भिजला होता, नामदेव सांगतो. पौषातला गारठा होता.

तेवढ्यात एस.टी. आली. कंडक्टर ओळखीचा निघाला. मागची लांब सीट रिकामी करून बाईला निजवलं. नामदेव म्हणाला, 'साहेब, तुम्हीही चला. गाडी राहू द्या इथंच.' तुम्ही त्याला दटावलंत. 'तिच्यासंगं तू जा. नाडी सोडू नको. डॉक्टरणीले सांग, मूल आडवं आहे. मी बसतो, गाडी गार झाली की येतो.' तुमचा आवाज नेहमीसारखाच होता, असं तो म्हणतो. हे सांगताना तो दर वेळी रडतो, म्हणून मी आता विचारत नाही.

एस.टी. गेली. पुढे तिथे कुणी नव्हतं.

हा जो वेळ आहे, त्याच्याजवळ मी रोज जाते आणि परत येते. तुम्ही फूटबोर्डवर बसला असाल. समोर साग असतील, पानं गळायला लागलेले. तुम्हाला कळलं असेल काय होतं आहे ते. शेकडो लोकांचं तुम्ही ओळखलं होतं. तुम्ही घाबरलात का? कुणाला हाक मारलीत का? मी तिथे असते तर काय केलं असतं, तेही मला सांगता येत नाही. फक्त तुम्ही एकटे नसता.

नामदेव एका ट्रकमधून परत आला, तेव्हा तुम्ही फूटबोर्डवरच बसलेले होतात, डोकं दाराला टेकून. त्याला वाटलं, डोळा लागला. ट्रकवाल्याच्या मदतीने त्याने तुम्हाला मागच्या सीटवर ठेवलं आणि हॅन्डल मारलं. गाडी पहिल्या हॅन्डलला सुरू झाली. बराच वेळ उभी होती ना. गार झाली होती. त्याच गाडीने तुम्हाला उरलेला घाट चढवून घरी आणलं.

बाई वाचली. मूल वाचलं नाही. सासूने ते सांगितलं आणि माझे पाय धरायला आली. मी धरू दिले नाहीत. मी तिला चहा करून दिला. तिला म्हटलं, सुनेला महिनाभर विहिरीवर पाठवू नकोस. तुम्ही असतात तर हेच सांगितलं असतंत.

अकोल्याहून वन्सं आल्या होत्या. अंगणात गाडी बघून त्यांनी तोंड फिरवलं. 'वहिनी, ती अवदसा आधी दारातून घालवा. माझ्या भावाला खाल्लं तिनं.' गाडीला दोन गिऱ्हाइकंही आली. मी कुणाशी वाद घातला नाही. वन्संना काय सांगणार होते? बसल्या जागी सगळं ठीक दिसत होतं, गाडीचंही आणि त्यांच्या भावाचंही. एवढंच तर झालं होतं.

मग एस.टी.च्या पार्सलने नळी आली. जाड, काळी, आत कापडाचे पदर असलेली. सुभान मेस्त्रींना बोलावलं. ते डोक्याचा रुमाल काढून अंगणात नुसतेच उभे राहिले. मी म्हटलं, 'मेस्त्री, जुनी काढायच्या आधी इंजिन तापवा. मला बघायचं आहे.' नामदेवने गाडी बराच वेळ चालवत ठेवली. त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून सोडला, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती लाल नळी चपटी झाली. दोन बोटांत धरून कुणी दाबावी तशी. इंजिन बंद केलं आणि ती हळूहळू गोल झाली. सुभान वाकून बघत होते. म्हणाले, 'बाई, येवढे दिवस म्या कचराच काढत बसलो.' मी म्हटलं, 'तुम्हीच नाही, मेस्त्री. आपण सगळेच बंद गाडी बघत होतो.'

तुमच्या अस्थी घेऊन दिनकर नाशिकला निघाला, तुमच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याला शेगावला आगगाडीत बसवायचं होतं. मी म्हटलं, आपल्याच मोटारीने जायचं. वन्सं म्हणाल्या, बायका स्टेशनपर्यंत जात नाहीत. मी म्हटलं, मी जाणार. कलश दिनकरच्या मांडीवर होता, मी पुढे, तुमच्या शेजारच्या माझ्या नेहमीच्या जागेवर, आणि तुमच्या जागेवर नामदेव. स्टेशनवर दिनकरची गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. कुणाला हलवला, ठाऊक नाही.

येताना घाट लागला. नामदेव घाबरला होता. स्टिअरिंग अगदी छातीशी धरून बसला होता. वळणं येऊ लागली. ते वळण मला आधी माहीत नव्हतं, पण त्याचा श्वास ऐकून कळलं की तेच आहे. रस्त्याच्या कडेला त्या दिवशी फुटलेल्या आपल्या सुरईचा तुकडा पडलेला दिसला. नामदेवने तुमच्यासारखाच पाय उचलला. टाकी गुडगुडत भरली. इंजिनाचा आवाज क्षणभरही बदलला नाही.

किती महिने मी या एका गोष्टीसाठी पत्रं लिहिली. गाडी इथे थांबू नये, एवढंच मला हवं होतं. आणि त्या वळणावर मला वाटलं, आता एकदा बंद पडावी. उतरावं, तुम्ही बसला होतात तिथे बसावं, तिला गार होऊ द्यावं. मी नामदेवकडे बघितलं. तो समोर बघत होता, गाल ओले. मी 'थांब' म्हटलं नाही. तोही थांबला नाही. मग ते वळण मागे गेलं.

शेखर, तुझ्या पत्राचं उत्तर राहिलं होतं. गाडी घाट चढली. कुठेही थांबली नाही.